अमेरिकेत संग्रहालयाला ‘नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क’ दर्जा: पात्रता, कागदपत्रं आणि काँग्रेसच्या कायद्याची वाट

बहुतेक प्रस्ताव जिथे अडतात ती गोष्ट आधी सांगून टाकू. हा दर्जा जागेचा असतो. संग्रहालय म्हणून तुमची संस्था किती नावाजलेली आहे, संग्रहात काय काय आहे, वर्षाला किती लोक येतात, याला इथे गुण नाहीत. इमारत, परिसर, जहाज, उत्खननाची जागा यांपैकी काहीतरी स्वतःच्या जोरावर राष्ट्रीय महत्त्वाचं ठरावं लागतं. काचेच्या कपाटातल्या वस्तू कितीही अनमोल असल्या तरी ज्या इमारतीत त्या ठेवल्या आहेत तिला त्यामुळे दर्जा मिळत नाही.

न्यूयॉर्कमधलं टेनेमेंट म्युझियम घ्या. ऑर्चर्ड स्ट्रीटवरची ९७ क्रमांकाची चाळवजा इमारत १८६३ ची. वरचे मजले १९३५ मध्ये राहण्यासाठी बंद झाले आणि पुढची पन्नासेक वर्षं तशाच पडून राहिले. भिंतींवर एकावर एक चढलेले वॉलपेपर, अरुंद जिना, खोल्यांची रचना, सगळं जागच्या जागी. संग्रहालय स्थापन झालं १९८८ मध्ये आणि लँडमार्क दर्जा मिळाला १९९४ मध्ये. संस्था जेमतेम सहा वर्षांची होती, पण ते कुणी मोजलं नाही. मोजली गेली ती स्थलांतरितांच्या घरांची गोष्ट सांगणारी, हात न लागलेली इमारत.

नावं सारखी, दर्जे वेगळे

‘नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस’ ही १९६६ च्या कायद्याने सुरू झालेली मोठी यादी. तिच्यात स्थानिक आणि राज्य पातळीवर महत्त्वाच्या जागाही येतात, म्हणून नोंदी लाखाच्या घरात आहेत. ‘नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क’ मात्र फक्त राष्ट्रीय महत्त्वाच्या जागांसाठी असतो. मूळ अधिकार १९३५ च्या हिस्टॉरिक साइट्स ॲक्टचा, आणि संख्या २,६०० च्या आसपास. लँडमार्क झालेली जागा रजिस्टरमध्ये आपोआप जाते. उलटं होत नाही.

तिसरा प्रकार ‘नॅशनल हिस्टॉरिक साइट’चा. हे नाव बहुतेक वेळा काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, कायद्याने देते. टेनेमेंट म्युझियमला ते १९९८ च्या कायद्याने मिळालं, आणि त्याच कायद्यात इमारत विकत घेण्याचा किंवा ती चालवण्याच्या खर्चाची एकूण जबाबदारी उचलण्याचा अधिकार सरकारला दिलेला नाही. चौथा प्रकार नुसत्या नावाचा: काँग्रेस एखाद्या संस्थेला ‘राष्ट्रीय संग्रहालय’ म्हणून मान्यता देते. पाटीवर ते शोभून दिसतं, इमारतीला त्यातून संरक्षण काहीच मिळत नाही. देणगीदारांसाठीच्या पत्रकात हे चारही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. प्रस्तावात तसं केलंत तर छाननी करणारा पहिल्याच पानावर सावध होतो.

पात्रता

सहा निकष आहेत आणि त्यांतला एक पुरतो: राष्ट्रीय इतिहासातल्या मोठ्या घटनेशी संबंध, राष्ट्रीय महत्त्वाच्या व्यक्तीच्या कामाशी संबंध, अमेरिकी जनतेचा एखादा मोठा आदर्श, स्थापत्याचा असामान्य नमुना, एकत्रितपणे महत्त्वाचा असलेला परिसर, आणि पुरातत्त्वीय माहिती देणारी जागा. एकच निकष घट्ट धरणारा प्रस्ताव चार निकषांवर पसरलेल्यापेक्षा बरा. प्रत्येक निकष वेगळा सिद्ध करावा लागतो आणि कच्चा निकष पक्क्यालाही खाली ओढतो.

निकषाच्या जोडीला ‘इंटिग्रिटी’, म्हणजे जागेचं मूळ रूप कितपत शाबूत आहे ते. सात बाजू तपासतात: स्थान, रचना, आजूबाजूचा परिसर, साहित्य, कारागिरी, त्या काळाचा भास आणि घटनेशी थेट नातं. साध्या रजिस्टरला जेवढी शाबुती चालते तेवढी इथे चालत नाही. संग्रहालयांची गोची नेमकी इथे होते. दालनं मोठी करायला भिंती पाडलेल्या असतात, वातानुकूलनासाठी खोटं छत आलेलं असतं, लिफ्टसाठी जिना हललेला असतो, तिकीटखिडकीसाठी पुढचा व्हरांडा काचबंद झालेला असतो. यातलं एकेक काम तेव्हा गरजेचंच होतं. पण सगळं मिळून आतला मूळ ढाचा उरला नसेल, तर बाहेरून इमारत कितीही जुनी दिसली तरी प्रस्ताव अवघड जातो.

काही गोष्टी सर्वसाधारणपणे बादच धरतात: धार्मिक वास्तू, मूळ जागेवरून हलवलेल्या इमारती, जन्मस्थळं, कबरी, पुन्हा बांधलेल्या वास्तू, निव्वळ स्मरणार्थ उभारलेली स्मारकं आणि गेल्या ५० वर्षांतलं महत्त्व. प्रत्येकाला अपवाद आहे, पण तो अपवाद का लागू होतो हे वेगळं मांडावं लागतं.

मिझुरी राज्यातल्या फुल्टन गावाचं चर्चिल संग्रहालय या सगळ्याचा जिवंत नमुना आहे. ५ मार्च १९४६ रोजी विन्स्टन चर्चिल यांनी ‘पोलादी पडद्या’चं भाषण केलं ते तिथल्या वेस्टमिन्स्टर कॉलेजच्या व्यायामशाळेत. ती व्यायामशाळा १९६० च्या दशकातच लँडमार्क झाली, कारण घटना तिथे घडली. संग्रहालय मात्र त्याच आवारातल्या दुसऱ्या इमारतीत, एका चर्चच्या तळघरात आहे. हे चर्च मूळ लंडनच्या ऑल्डरमनबरी भागातलं, वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांनी बांधलेलं, १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळालेलं. त्याचे सुमारे ७,००० दगड समुद्रापार आणून ते फुल्टनला पुन्हा उभं केलं आणि १९६९ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. आता वरची यादी लावून बघा: वास्तू धार्मिक, हलवलेली, पुन्हा उभारलेली, आणि हेतू स्मरणाचा. चार अडथळे एकाच इमारतीत! आवारात बर्लिनच्या भिंतीच्या तुकड्यांचं शिल्प आहे, तेही १९९० चं. अशा जागेसाठी स्थानिक लोकप्रतिनिधी काँग्रेसमध्ये स्वतंत्र विधेयक मांडतात तेव्हा त्याचं नवल वाटायला नको.

नेहमीची वाट: नॅशनल पार्क सर्व्हिसमार्फत

अर्जाला फी नाही. खर्च होतो तो संशोधन, मोजणी आणि छायाचित्रणावर. वेळ साधारण दोन ते पाच वर्षं.

सुरुवात नॅशनल पार्क सर्व्हिसच्या, म्हणजे हा दर्जा हाताळणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, कार्यालयाला चौकशीपत्र पाठवून होते. पत्र छोटं ठेवा: जागा कुठली, निकष कोणता, इमारतीत काय बदल झाले, मालक कोण आणि तो राजी आहे का. राज्याच्या हिस्टॉरिक प्रिझर्वेशन ऑफिसरला (वारसा जपणुकीच्या अधिकाऱ्याला) याच वेळी विश्वासात घ्या. जुनी सर्वेक्षणं त्याच्याच कपाटात असतात. होकारार्थी उत्तर येईपर्यंत पूर्ण प्रस्ताव लिहायला घेऊ नये.

प्रस्तावात लागणारे कागद असे:

- सध्याचं आणि ऐतिहासिक नाव, पत्ता, अक्षांश-रेखांश
- हद्दीचं शब्दांत वर्णन, नकाशा, आणि हद्द तिथेच का आखली याचं कारण
- आतल्या प्रत्येक इमारतीचं, वास्तूचं ‘काँट्रिब्यूटिंग’ (जागेच्या महत्त्वात भर घालणारी) की ‘नॉन-काँट्रिब्यूटिंग’ (भर न घालणारी) असं वर्गीकरण
- बाहेरचं-आतलं वर्णन आणि बदलांची सालवार नोंद
- महत्त्वाचा कालखंड आणि महत्त्वाचं विवेचन
- देशभरातल्या तशाच इतर जागांशी तुलना
- आजची आणि जुनी छायाचित्रं, मूळ आराखडे, संदर्भसूची
- सर्व मालकांची नावं-पत्ते, मालकीहक्काच्या कागदांशी ताडून पाहिलेली

यातल्या दोन गोष्टींवर जास्त वेळ द्यावा. पहिली तुलना. ‘देशातलं पहिलं’, ‘एकमेव’ असं लिहून भागत नाही. याच विषयाच्या इतर जागा कोणत्या, त्यांतल्या कोणत्या आधीच लँडमार्क आहेत, त्यांच्यापेक्षा ही सरस का किंवा त्यांनी न सांगितलेलं ही काय सांगते, हे नावानिशी यायला हवं. प्रस्ताव परत येतात ते बहुधा या चार-पाच पानांच्या अभावी.

दुसरी हद्द. ‘संग्रहालयाचं सर्व आवार’ ही हद्द होत नाही. ‘रस्त्याच्या पूर्व कडेपासून सुरुवात, तिथून दगडी कुंपणाच्या बाहेरच्या कडेने उत्तरेकडे, मग जुन्या तबेल्याच्या मागच्या भिंतीला लागून पश्चिमेकडे’ असं, जमिनीवर पाय ठेवून चालता येईल असं वर्णन हवं. नवा वाहनतळ आणि २००० नंतरची प्रदर्शन-शाखा ओढूनताणून आत घेतली की नॉन-काँट्रिब्यूटिंगची संख्या वाढते आणि शाबुतीचा मुद्दा आपणच कमकुवत करतो. उलट मूळ बाग वगळली, तर परिसराचा पुरावा जातो.

मसुदा विषयतज्ज्ञांकडे फिरतो, दुरुस्त्या होतात. मग मालक, स्थानिक प्रशासन, राज्याचा हिस्टॉरिक प्रिझर्वेशन ऑफिसर, त्या भागाचे काँग्रेस सदस्य यांना सूचना जाते आणि मत मांडायला किमान ६० दिवस मिळतात. त्यानंतर लँडमार्क्स कमिटी, मग नॅशनल पार्क सिस्टिम ॲडव्हायझरी बोर्ड, आणि शेवटची सही इंटिरियर खात्याच्या मंत्र्याची. हे खातं म्हणजे आपल्याकडचं गृहखातं नव्हे. पोलिसांशी त्याचा संबंध नाही, जमिनी आणि उद्यानं त्याच्याकडे असतात. बोर्डाची बैठक झाली नाही तर तयार फाइलही तशीच पडून राहते. जानेवारी २०१८ मध्ये बोर्डाच्या बहुसंख्य सदस्यांनी एकदम राजीनामे दिले, तेव्हा हा धोका नुसता कागदावरचा नाही हे दिसलं.

खाजगी मालकाची हरकत निर्णायक असते. हरकतीचं निवेदन नोटरी केलेलं हवं, तोंडी विरोध धरत नाहीत. एकापेक्षा जास्त मालक असतील तर हिस्सा कितीही असो, प्रत्येकाला एकच मत. बहुमत विरोधात गेलं तर जागा ‘पात्र’ म्हणून नोंदवता येते, दर्जा देता येत नाही. सरकारी मालकाला असा नकाराधिकार नाही. संग्रहालय एका न्यासाचं आणि इमारत दुसऱ्याच संस्थेची, ही स्थिती फार आढळते. अशा वेळी संमतीपत्र इमारतीच्या मालकाचं लागतं, क्युरेटरचं किंवा संग्रहालयाच्या संचालकाचं चालत नाही.

कायद्याची वाट

काँग्रेस वाटेल त्या जागेला कायद्याने दर्जा देऊ शकते. निकष तिच्यावर बंधनकारक नाहीत. म्हणून ही पळवाट वाटते, पण कागद तेवढेच लागतात. फरक इतकाच की ते वेगळ्या टेबलावर जातात.

विधेयक संस्था मांडू शकत नाही, सदस्यच मांडतो. आपल्या मतदारसंघाचा प्रतिनिधी आणि राज्याचा सिनेटर, दोघांनी एकसारखा मसुदा आपापल्या सभागृहात मांडला तर वेळ वाचतो. मसुदा साधारण दोन-तीन पानांचा असतो: संक्षिप्त नाव, व्याख्या, दर्जा देणारं कलम, नकाशाचा क्रमांक आणि तारीख, नॅशनल पार्क सर्व्हिसशी सहकार्य करार करण्याची मुभा, आणि मालकाच्या हक्कांना बाधा येणार नाही असं कलम. नकाशा तयार नसेल तर गाडी तिथेच थांबते.

प्रतिनिधीगृहात विधेयक नॅचरल रिसोर्सेस समितीकडे जातं, सिनेटमध्ये एनर्जी अँड नॅचरल रिसोर्सेस समितीकडे. सुनावणीत नॅशनल पार्क सर्व्हिसचं मत विचारतात, आणि ‘नेहमीच्या प्रक्रियेने आधी अभ्यास व्हावा’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर असतं. त्याला तोंड द्यायला वरचं तुलनेचं प्रकरण हाताशी असलं पाहिजे. खर्चाचा अंदाज काँग्रेशनल बजेट ऑफिस देतं. प्रतिनिधीगृहात अशी बिनविरोध विधेयकं बहुधा नियम स्थगित करून घेतात, त्याला दोनतृतीयांश मतं लागतात. सिनेटमध्ये सर्वसंमतीने घेतात, म्हणजे एकाच सदस्याची हरकत पुरते. त्यामुळे छोटी विधेयकं एका मोठ्या गाठोड्यात बांधून मंजूर होण्याची वाट पाहतात. मार्च २०१९ चा डिंगेल कायदा हे असंच एक मोठं गाठोडं.

आणि मुदत. प्रत्येक काँग्रेस दोन वर्षांची असते. विषम वर्षाच्या ३ जानेवारीला ती संपली की अडकलेलं विधेयक मेलं. पुन्हा मांडायचं, पुन्हा समिती, पुन्हा सुनावणी. एका सभागृहात मंजूर झालं होतं याचा कायदेशीर उपयोग शून्य.

करमुक्त संस्थांनी एक पथ्य पाळायचं. विधेयकासाठी खासदारांना भेटणं ही लॉबिंगच. ती करता येते, पण प्रमाणात. इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिसचा (केंद्रीय करखात्याचा) फॉर्म ५७६८ भरून खर्चाची चाचणी स्वीकारली तर मर्यादा आकड्यात कळते: संस्थेच्या पहिल्या ५ लाख डॉलर वार्षिक खर्चावर २० टक्के, पुढे टक्का उतरत जातो. जनतेला ‘खासदाराला पत्र लिहा’ म्हणण्यावरचा खर्च मंजूर मर्यादेच्या पाव भागातच बसवावा लागतो. सरकारी अनुदानाचा पैसा यात घालायचा नाही.

दर्जाने काय मिळतं

भारतातल्या १९५८ च्या स्मारक कायद्यासारखं इथे नाही. आपल्याकडे केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र येतं आणि शेजाऱ्याचं बांधकामही अडतं. अमेरिकेत खाजगी मालक स्वतःच्या पैशाने लँडमार्क बदलू शकतो, पाडूही शकतो. स्थानिक नियम आडवा आला तर गोष्ट वेगळी. अंकुश असतो तो केंद्र सरकारच्या कामांवर: निधी किंवा परवानगी केंद्राची असेल तर १९६६ च्या त्याच कायद्याच्या कलम १०६ खाली तपासणी होते, आणि लँडमार्कला थेट हानी पोचणार असेल तर कलम ११०(एफ) खाली ती शक्य तेवढी टाळावी लागते.

पैसा आपोआप येत नाही. ‘सेव्ह अमेरिकाज ट्रेझर्स’ अनुदानासाठी दार उघडतं, पण तिथे तेवढीच रक्कम आपण उभी करायची असते. २० टक्के कर-सवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींना मिळते; करच न भरणाऱ्या संग्रहालयाला तिचा थेट उपयोग नाही.

दर्जा जाऊही शकतो. शिकागोचं सोल्जर फील्ड १९८७ मध्ये लँडमार्क झालं. जुन्या खांबांच्या आत नवं स्टेडियम बांधलं गेलं आणि २००६ मध्ये दर्जा काढून घेतला. विस्ताराचा आराखडा मनात असेल तर वास्तुविशारदाला नेमण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसला दाखवा.

मंजुरीनंतर कांस्य फलक मिळतो, तो लोकांना दिसेल असा लावायला मालकाने राजी व्हावं लागतं. लावताना जुन्या दगडात किंवा विटेत भोक पाडू नये. दोन थरांमधल्या चुन्याच्या सांध्यात बसवावा, किंवा सरळ दाराशेजारी वेगळ्या चौथऱ्यावर.