छापा-काटा करून निकाल देता येत नाही

ब्रिटनमध्ये बेकारी भत्ता नाकारला गेला तर दाद नेहमीच्या कोर्टात न मागता वेगळ्या मंडळापुढे मागायची, ही वाट १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने पाडली. हातावर पोट असलेल्याला वकील परवडत नाही आणि कोर्टातले पुराव्याचे नियम वकिलाशिवाय पेलत नाहीत. त्यामुळे इथे नियम सैल राहिले. पण सैल नियमांचा फायदा सरकारी खात्यालाही मिळतो, आणि पुढचा सगळा वाद त्यातूनच आला.

१९५१ च्या एका निवाड्याने अर्जदाराची बाजू भक्कम केली: त्याच्या तोंडी सांगण्याला दुजोरा हवाच असं नाही, ते विसंगत किंवा मुळातच न पटणारं नसलं म्हणजे झालं. १९५७ मध्ये फ्रँक्स समितीने न्यायाधिकरणांसाठी, म्हणजे अशाच मंडळांसाठी, खुलेपणा, न्याय्यता आणि निःपक्षपात ही त्रिसूत्री दिली.

खरी कसोटी १९६५ च्या मूर खटल्यात लागली. कामावर झालेल्या दुखापतीच्या भरपाईचा दावा होता. निर्णय देणाऱ्या आयुक्ताने दुसऱ्याच जुन्या दाव्यांतली डॉक्टरांची मतं विचारात घेतली. कोर्टात असं खपलं नसतं, इथे खपलं. न्यायमूर्ती डिप्लॉक यांनी मर्यादा मात्र आखली. पुराव्याचे तांत्रिक नियम म्हणजे नैसर्गिक न्याय (न्याय्य सुनावणीची किमान तत्त्वं) नव्हे, पण निर्णयाला तर्काने टिकेल असा आधार हवा. नाणं उडवून किंवा ज्योतिषाला विचारून निकाल देता येणार नाही. शिवाय ज्याला बाजू मांडायची आहे त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. माझ्या मते ही दुसरी अट जास्त मोलाची, जरी लोकांच्या लक्षात ज्योतिषीच राहिला.

२००४ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या कर (Kerr) नावाच्या अर्जदाराच्या प्रकरणात अंत्यविधीच्या सरकारी मदतीचा प्रश्न आला. ती मिळणं भावंडांच्या परिस्थितीवरही अवलंबून होतं. संपर्क तुटलेल्या भावंडांची माहिती अर्जदार देणार कुठून? हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, ते अज्ञान त्याच्या माथी मारलं नाही. ही चौकशी दोघांनी मिळून करायची असते आणि खात्याला जे शोधता येतं ते खात्यानेच शोधायचं, असं ठरलं.

या न्यायाधिकरणांच्या २००८ च्या नियमावलीतला पंधरावा नियम हेच सूत्र लेखी आणतो: दिवाणी कोर्टात न चालणारा पुरावाही घेता येतो, आणि घेणं अन्यायाचं ठरेल तर वगळताही येतो. अपंगत्वाच्या दाव्यात अर्जदार खोलीत कसा चालत आला, किती वेळ खुर्चीत बसला, हेही पॅनेल टिपतं. त्यावर निकाल फिरणार असेल तर ते त्याला तिथेच सांगून उत्तराची संधी द्यावी लागते.