वाफ्यावर गिट्टी की पाचोळा?

मे महिन्यात दुपारी तीनला नागपुरात एखाद्या बंगल्यासमोरच्या गोटे पसरलेल्या वाफ्याला हात लावून पाहा. हात टेकवत नाही. शेजारीच पाचोळ्याचा जाड थर असलेला वाफा असेल तर त्यात बोटं खुपसा, खालची माती गार लागेल.

ओल दोन्ही आच्छादनं राखतात, हे आधी मान्य करायला हवं. उघड्या मातीतलं पाणी बारीक छिद्रांतून केशाकर्षणानं वर चढतं आणि उडून जातं. दगडांमधल्या किंवा पानांमधल्या मोठ्या पोकळ्यांत ही चढण तुटते. फरक पडतो तो उष्णतेत. दगड घन असतो, तो दिवसभराची उष्णता खाली मुळांपर्यंत पोचवतो आणि रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो. पाचोळ्यात मात्र हवा अडकलेली असते, आणि हवा उष्णतेला सहज वाट देत नाही. पारा 45 अंशांवर जाणाऱ्या शहरात वरवर पसरणाऱ्या कोवळ्या मुळांसाठी हा फरक फार मोठा आहे.

पांढरे गोटे कमी तापतात, पण ऊन उलटं पानांवर फेकतात. शिवाय ते संगमरवराचे असतील तर त्यात चुना असतो. आपल्या काळ्या मातीत तो आधीच भरपूर आहे. त्यामुळे माती विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, होते, तिच्यातलं लोह झाडाला मिळत नाही, आणि संत्र्याची, मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे आणखी चुना कशाला?

काळ्या मातीची दुसरी खोड म्हणजे ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भेग पडताना बारीक मुळं तुटतात, आणि गिट्टी टाकली असेल तर ती त्या भेगांत उतरते. पुढे खुरपं लावलं की दगडच लागतात. पाचोळा कुजून मातीतच जातो. बुरशी आणि जिवाणू त्याचं जे चिकट द्रव्य करतात, त्यानं मातीचे कण रवाळ गोळ्यांत बांधले जातात. दगड हे काम कधीच करणार नाही.

पाचोळा नसला तर तणस (भाताचा पेंढा) किंवा कुटारही (मळणीनंतरचा भुसा) चालतं. थर दोन-तीन इंचांचा पुरे. लाकडाचा भुसा मातीत मिसळू नका. तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात. वरच पसरला तर ही अडचण फारशी येत नाही. खोडाभोवती वीतभर जागा मात्र मोकळी सोडा. पावसाळ्यात ओलं आच्छादन बुंध्याला चिकटून राहिलं तर संत्रावर्गीय झाडांना डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, होण्याची भीती असते. उदई (वाळवी) दिसली तर तेवढा भाग उकरून उन्हात टाका.

दगडाला मी सरसकट नाही म्हणत नाही. निवडुंग, अडेनियम, पागोळीखालची पट्टी, पायवाट, इथे तोच योग्य, कारण तिथे पाण्याचा निचरा हवा असतो किंवा माती उडू द्यायची नसते.

फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत आपल्या गल्लोगल्ली झाडलेल्या पानांचे ढीग पेटवले जातात. तो धूर पाहून मला खरंच वाईट वाटतं. दोन पोती भरून ठेवली तर तीच पानं एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत एका वाफ्याला पुरतात.