कटिंगच्या रिंगणात पहिल्यांदा उतरताना: वर्ग, अटी आणि कागदपत्रं

कटिंग या कळपातून जनावर वेगळं काढण्याच्या घोडेस्वारीच्या खेळात उतरायचं ठरवलं की पहिला प्रश्न हमखास येतो: घोडा कोणता घेऊ? माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. आपण कोणत्या वर्गात बसतो हा पहिला, आणि ते सिद्ध करणारे कागद हाताशी आहेत का हा दुसरा. अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलस-फोर्ट वर्थ भागात स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं तिथल्या तबेल्यांत स्वारी शिकतात, आणि पालक आधी घोड्यांच्या जाहिराती चाळत बसतात. त्यांच्यासाठी आणि नव्यानं येणाऱ्या कुणाही मोठ्या माणसासाठी ही माहिती.

खेळ असा. स्वारानं गुरांच्या कळपात शांतपणे शिरायचं, एक जनावर वेगळं काढायचं आणि त्याला परत कळपात घुसू द्यायचं नाही. वेळ अडीच मिनिटं. तेवढ्यात बहुतेक स्वार दोन किंवा तीन जनावरं घेतात आणि त्यातलं निदान एक तरी कळपाच्या आतून, खोलवरून काढावं लागतं. जनावर वेगळं झालं की लगामाचा हात खाली ठेवायचा. तिथून पुढे अडवायचं काम घोड्याचं. त्या वेळी लगाम ओढून घोड्याला दिशा दाखवलीत तर गुण कापले जातात, जनावर निसटून कळपात परतलं तर एकदम ५. गुण ६० ते ८० या पट्ट्यात मिळतात आणि ७० म्हणजे मध्यम कामगिरी. रिंगणात तुमच्याबरोबर चार मदतनीस स्वार असतात. दोघं कळप धरून ठेवतात, दोघं वेगळ्या काढलेल्या जनावराला तुमच्याकडे वळवतात. नवख्यानं ही चार माणसं आधी ठरवून ठेवावीत. ज्या प्रशिक्षकाकडे शिकता, त्याच्याकडूनच बहुधा ती मिळतात.

स्पर्धांना मान्यता देणारी मुख्य संस्था म्हणजे नॅशनल कटिंग हॉर्स असोसिएशन, थोडक्यात एनसीएचए. १९४६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं कार्यालय फोर्ट वर्थमध्येच आहे. तिच्या स्पर्धेत स्वार आणि घोड्याचा मालक, दोघंही चालू वर्षाचे सभासद असावे लागतात. इथेच पुष्कळ जण अडखळतात. मुलीचं सभासदत्व काढलेलं असतं आणि घोडा वडिलांच्या नावावर असतो. मग वडिलांचंही काढावं लागतं, भले ते आयुष्यात खोगिरावर बसणार नसोत.

आता वर्ग. इथे जरा थांबून नीट वाचा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. पात्रता वयापेक्षा आजवर जिंकलेल्या रकमेवर मोजली जाते. काही वर्गांत स्वाराची कमाई बघतात, काहींत घोड्याची. नवख्यासाठी सोयीचा वर्ग म्हणजे अगदी कमी कमाईची मर्यादा असलेला लिमिट रायडर. बरीच वर्षं तो २,००० डॉलरच्या मर्यादेनं ओळखला गेला. त्याच्या वरच्या पायऱ्यांवर अमॅच्युअर (हौशी) आणि नॉन-प्रो (बिगर-व्यावसायिक), आणि सगळ्यांसाठी खुला तो ओपन. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी यूथ विभाग वेगळा आहे. मर्यादा आणि नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षाची नियमपुस्तिका उघडून आपला वर्ग स्वतः वाचा.

नॉन-प्रो किंवा अमॅच्युअर दर्जासाठी स्वतंत्र अर्ज भरून प्रतिज्ञापूर्वक माहिती द्यावी लागते. घोड्यावर बसून तो तयार करण्याचे, दुसऱ्याचा घोडा स्पर्धेत चालवण्याचे किंवा स्वारी शिकवण्याचे पैसे तुम्ही कधी घेतलेत का, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा. मोबदला थेट असो वा आडवळणाचा, दोन्ही मोजले जातात. म्हणून शेजाऱ्याचा घोडा फिरवण्याच्या बदल्यात तबेल्याचं भाडं माफ करून घेण्याआधी संस्थेला लेखी विचारा. एकदा गेलेला दर्जा परत मिळवणं किचकट असतं. नॉन-प्रो वर्गात घोडा स्वाराच्या किंवा त्याच्या जवळच्या कुटुंबाच्या मालकीचा लागतो. मालकीची अट सगळ्या वर्गांत सारखी नाही, त्यामुळे प्रशिक्षकाचा किंवा भाड्यानं घेतलेला घोडा चालेल का, हे नाव देण्याआधी स्पर्धेच्या सचिवाला विचारा.

घोड्याला जातीची अट नाही, तरी बहुतेक सगळे क्वार्टर हॉर्स या अमेरिकी जातीचे असतात. असा घोडा विकत घेतलात तर विकणाऱ्याची सही असलेला हस्तांतर अर्ज अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनकडे पाठवून नोंदणीपत्र आपल्या नावावर करून घ्या. व्यवहाराआधी त्याच्या आजवरच्या कमाईची नोंदही मागा. घोडा खूप जिंकलेला असेल तर नोव्हिस, म्हणजे कमी कमाईच्या घोड्यांच्या वर्गांची दारं त्याला बंद असतात. मात्र शिकाऊ स्वाराला जुना, मुरलेला घोडाच सांभाळून नेतो. माझा सल्ला विचाराल तर नोव्हिस वर्गाचा मोह सोडा आणि मुरलेला घोडा घ्या.

आरोग्याच्या कागदांत सर्वांत महत्त्वाची कॉगिन्स चाचणी. घोड्यांना रक्त पिणाऱ्या माश्यांमधून एक विषाणूजन्य पंडुरोग होतो. त्यावर लस किंवा उपचार नाही, म्हणून रक्त तपासून तो नाही असा दाखला लागतो. तो बारा महिन्यांच्या आतला असावा. दुसऱ्या राज्यातून घोडा आणत असाल तर पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्रही जोडा. दाखल्यावर घोड्याच्या कपाळावरचा टिळा, पायांचे पांढरे मोजे अशा खुणा नोंदलेल्या असतात. त्या नोंदणीपत्राशी जुळवून बघा. नावही नोंदणीपत्रातलंच लिहायला सांगा. तबेल्यात सगळे ज्याला ‘बडी’ म्हणतात, त्याचं कागदावरचं नाव भलतंच लांबलचक असतं, आणि प्रवेशाच्या टेबलावर ही विसंगती नेमकी डोळ्यात येते.

नाव देताना प्रवेश अर्ज, प्रवेश शुल्क आणि गुरांसाठीचं वेगळं शुल्क भरायचं. जिंकलेली रक्कम अमेरिकी करात धरली जाते, म्हणून तिथले रहिवासी डब्ल्यू-९ हा फॉर्म भरून देतात. पोशाखाचा नियम साधा: लांब बाह्यांचा कॉलरवाला शर्ट, बूट, आणि डोक्यावर वेस्टर्न हॅट किंवा हेल्मेट. मुलांना हेल्मेटच घाला. घोड्याच्या तोंडात लगामाचं कडियाळं असावं किंवा हॅकमोर, म्हणजे कडियाळं नसलेला लगाम चालतो. मार्टिंगेल आणि टाय-डाउन, म्हणजे घोड्याला डोकं वर उचलू न देणारे पट्टे, चालत नाहीत.

आपल्या पाळीचा क्रमांक कळल्यावर लगेच घोड्यावर बसू नका. कुंपणापाशी उभं राहून आधीच्या स्वारांची गुरं बघा. पांढऱ्या तोंडाची काळी संथ आहे की भिंतीकडे धावते, कानावर डाग असलेला तांबडा कुणी आधीच दमवला आहे का, हे मनात टिपून ठेवा आणि आपल्या मदतनिसांना सांगा. तुम्ही आत शिरल्यावर कोणतं जनावर घ्यायचं, हे तेच कळपाच्या कडेवरून हळू आवाजात सुचवतात.