पुराखालची तापी ऐकायची कशी?

तापीवरच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडले की किती क्युसेक पाणी सुटलं, हे भुसावळ-जळगावात घरोघरी कळतं. त्याच पुरात नदीच्या तळावरून किती वाळू आणि किती गोटे घरंगळत आले, हे मात्र कोणी विचारत नाही. धरण गाळाने भरत चाललेलं असताना हा आकडा तितकाच मोलाचा आहे. पण भर पुरात तळाशी उतरून मोजणार कोण?

तिथे हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, टिकू शकतो. त्यातल्या पीझोइलेक्ट्रिक सिरॅमिकवर ध्वनीचा दाब पडला की किंचित विद्युतदाब तयार होतो. सोबत रेकॉर्डर, मेमरी कार्ड, घड्याळ आणि बॅटरी, सगळं पाणी न शिरणाऱ्या नळकांड्यात बंद. काठापर्यंत तार लागत नाही, जवळ माणूस लागत नाही.

गोटे एकमेकांवर आदळतात तेव्हा मोठ्यांचा आवाज जाड येतो, लहान खड्यांचा बारीक. त्यावरून तळ कधी हलू लागला आणि साधारण केवढे दगड वाहताहेत, हे कळतं. पाण्यात मिसळून वाहणारी माती मात्र जवळजवळ मुकी असते. तिच्यासाठी पाण्याचे नमुनेच घ्यायला हवेत.

अडचण येते ती साठवणुकीची. सेकंदाला 48,000 नोंदी, प्रत्येक 16 बिटची, असा हिशेब धरला तर दिवसाला सुमारे 8 जीबी होतात. म्हणून पुष्कळदा दर अर्ध्या तासात पाचच मिनिटं ध्वनिमुद्रण करतात. किड्यांचे, माशांचे आवाज टिपायला ते चालेल. पुराचा लोंढा मात्र मधल्या पंचवीस मिनिटांतच चढू शकतो, त्यामुळे पावसाळ्यात यंत्र अखंड चालू ठेवावं, असं मला ठामपणे वाटतं.

यंत्र आधी प्रमाणित केलेलं हवं, नाहीतर हाती नुसतं ध्वनिमुद्रण येतं, मोजमाप नाही. पाण्यातले डेसिबल 1 मायक्रोपास्कल (दाबाचं एकक) धरून मोजतात, हवेतले 20 मायक्रोपास्कल धरून. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. जागाही विचारपूर्वक निवडावी लागते. उन्हाळ्यातल्या गिरणेसारख्या मीटरभर पाण्यात साधारण 370 हर्ट्झच्या खालचे आवाज दूर जातच नाहीत, तळ मऊ असेल तर ही मर्यादा आणखी वर सरकते. शिंगाळ्यासारख्या माशाचा घुमारा ऐकायचा तर डोहच गाठावा.

तापीसाठी मी तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव निवडेन. संगमाच्या थोडं वर, तापीत एक आणि पूर्णेत एक यंत्र ठेवलं, जोडीला तळाचे थोडे नमुने घेतले, तर हतनूरकडे जाड गाळ कोणती नदी जास्त आणते आणि पुराच्या कोणत्या टप्प्यावर आणते, हे वेगवेगळं मोजता येईल.