नायट्रोजनचा ‘धूर’ : ओव्हरक्लॉकिंगच्या जाहीर प्रयोगांची पार्श्वभूमी

द्रवरूप नायट्रोजन पेटत नाही, तो विषारी नाही आणि त्याला वासही नाही. संगणकाच्या ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसर द्रवरूप नायट्रोजनने गार ठेवून ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या, जाहीर प्रयोगासाठी सभागृह मागताना आयोजक ही तीन विधाने पुढे करतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. तरीही अशा प्रयोगांच्या सुरक्षिततेबद्दल गेल्या वीसेक वर्षांत जो घोळ साचला आहे, त्याचे मूळ बरेचसे याच तीन विधानांत आहे. ती ऐकून परवानगी देणाऱ्याचे समाधान होते आणि चौथा प्रश्न, म्हणजे हा वायू खोलीतल्या हवेचे काय करतो, हा विचारायचाच राहून जातो.

नायट्रोजन मोजण्याजोग्या प्रमाणात प्रथम द्रवरूप झाला तो १८८३ साली, पोलंडमधील क्राकूव्ह इथे. १८९२ मध्ये निर्वात पोकळीचे दुहेरी भिंतींचे भांडे आले आणि १८९५ पासून हवा कारखान्यात द्रवरूप करण्याची पद्धत रुळली. एवढा इतिहास इथे पुरे. महाराष्ट्राला हा पदार्थ संगणकामुळे कळला असेही नाही. गोठवलेल्या रेतमात्रा घेऊन गोठ्यागोठ्यांत फिरणाऱ्या कृत्रिम रेतन सेवकाच्या मोटारसायकलला बांधलेला नायट्रोजनचा कंटेनर गावाकडच्या माणसाने अनेक वर्षे पाहिला आहे, आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तर कित्येक दशके तो रोजच्या वापरातला आहे. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती : भांड्याजवळ हात सरावलेल्या माणसाचा असे आणि समोर प्रेक्षक नसत. ओव्हरक्लॉकिंगने नेमके हेच बदलले.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जोडणाऱ्या पिढीला १९९८ चा सेलेरॉन ३००ए आठवत असेल. ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर मदरबोर्डाच्या बसचा (प्रोसेसरला जोडणाऱ्या माहितीच्या वाटेचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की साध्या पंख्यावरही ४५० मेगाहर्ट्झने चाले. तेव्हा हा व्यवहार काटकसरीचा होता. त्याचे तमाशात रूपांतर झाले ते डिसेंबर २००३ नंतर, जेव्हा पेंटियम ४ द्रवरूप नायट्रोजनच्या मदतीने ५ गिगाहर्ट्झवर पोहोचल्याचे जगाने पाहिले. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डांच्या कंपन्यांना जाहिरातीचे आयते साधन मिळाले आणि तैपेईच्या वार्षिक प्रदर्शनात प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या उभ्या भांड्यांत नायट्रोजन ओतणारी मंडळी दिसू लागली. सुरुवातीच्या बऱ्याच प्रोसेसरांना ‘कोल्ड बग’ असे, म्हणजे ठराविक तापमानाखाली ते बंद पडत, त्यामुळे नायट्रोजन जपून आणि थोडाथोडा ओतावा लागे. २००९ च्या फिनॉम २ या प्रोसेसरमध्ये ही अडचण नव्हती. भांडे काठोकाठ भरून उणे १९० अंशांच्या आसपास ठेवता येऊ लागले, आणि नायट्रोजनचा खपही त्याबरोबर वाढला. विक्रमांची शर्यत पुढे हेलियमकडे वळली. २०२२ च्या अखेरीस ओलांडलेली ९ गिगाहर्ट्झची रेषा द्रवरूप हेलियमवर ओलांडली गेली. मात्र तो इतका महाग आहे, की जाहीर कार्यक्रमांत आजही नायट्रोजनच वापरला जातो.

खपाचा हिशेब करून पाहावा. एक लिटर द्रवरूप नायट्रोजन उकळून जाताना साधारण १६० किलोज्यूल उष्णता घेतो. म्हणजे ३०० वॉट उष्णता फेकणाऱ्या एका प्रोसेसरला तासाला साडेसहा लिटरच्या वर नायट्रोजन लागतो, आणि भांडे थंड करण्यात व ओतताना जो वाया जातो तो वेगळाच. चार टेबले मांडून स्पर्धा घेतली, तर तासाला पंचवीस लिटर नायट्रोजन त्या खोलीच्या हवेत मिसळतो. एका लिटर द्रवाचा सामान्य तापमानाला जवळपास ७०० लिटर वायू होतो. २० फूट लांब, १६ फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीत, दारे-खिडक्या बंद असताना, केवळ १० लिटर नायट्रोजन उडून गेला तरी ऑक्सिजनचे प्रमाण २०.९ टक्क्यांवरून १९.३ च्या आसपास येते. अमेरिकी कामगार-सुरक्षा नियमांत १९.५ टक्क्यांखालची हवा ऑक्सिजनची कमतरता असलेली मानली जाते. १९.३ टक्क्यांना कोणी कोसळत नाही हे खरे, पण ही एका टेबलाची दीड तासाची गोष्ट आहे.

आता ‘धूर’ या शब्दाकडे वळू. निवेदक तो वापरतो, प्रेक्षक वापरतात आणि अर्जावरही पुष्कळदा तोच लिहिला जातो. भांड्याच्या काठावरून जे पांढरे लोट उतरतात, तो धूर नव्हे, कारण काहीही जळत नसते. ती नायट्रोजनची वाफही नव्हे, कारण नायट्रोजन वायू डोळ्यांना दिसत नाही. ते धुके असते. सभोवतालच्या हवेतली पाण्याची वाफ थंडीने गोठून त्याचे बारीक कण तरंगतात, एवढेच. हा भेद भाषेच्या काटेकोरपणासाठी केलेला नाही. धुके जिथे विरते, तिथे नायट्रोजन संपलेला नसतो. तिथली हवा फक्त पुरेशी ऊबदार झालेली असते. लोट पायांपाशी दिसतात म्हणून चेहऱ्यापाशी काही नाही, असा निष्कर्ष त्यामुळेच काढता येत नाही.

मुंबईत हा घोळ आणखी वाढतो. जुलैतल्या दमट हवेत उघड्या मांडवात भांडे ठेवले, तर धुके इतके दाट होते की पुढची रांग आपसूक मागे सरकते. तेच भांडे वातानुकूलित सभागृहात आणले की हवेतला ओलावा यंत्राने आधीच काढून घेतलेला असल्यामुळे धुके विरळ दिसते. नायट्रोजन तितकाच असतो, किंबहुना बंद जागेमुळे साचणारा जास्तच, आणि दिसतो मात्र कमी. जे दृश्य सर्वात निर्धास्त वाटते ते सर्वात कमी निर्धास्त असते. त्यात सभागृहात स्प्लिट एसी असेल तर ते बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडते. ‘एसी चालू आहे, म्हणजे हवा खेळती आहे’ हा समज मी आयोजकांकडून इतक्या वेळा ऐकला आहे, की तो कागदावर खोडून काढण्याची गरज वाटते.

शरीराकडूनही इशारा मिळत नाही. गुदमरल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते आणि नायट्रोजन भरलेल्या हवेत तो नेहमीसारखाच बाहेर पडत राहतो. कोरड्या बर्फाजवळ, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडजवळ, धाप लागते, डोके जड होते आणि माणूस बाहेर पडतो. नायट्रोजनमध्ये तसे होत नाही. ऑक्सिजनचे प्रमाण फारच घसरले तर काही श्वासांतच शुद्ध हरपते. नुकताच उकळलेला वायू खोलीतल्या हवेपेक्षा जवळपास चौपट जड असतो, म्हणून तो आधी जमिनीलगत पसरतो. पुढे सतरंजीवर बसवलेली शाळकरी मुले त्याच थरात असतात.

यातूनच सर्वात वादग्रस्त निर्णय उभा राहतो : प्रयोग सभागृहात घ्यायचा की आवारात. स्पर्धक सभागृह मागतात, आणि त्यांची बाजू लंगडी नाही. उणे १९० अंशांच्या भांड्याभोवती ओलावा जमतो आणि पाणी मदरबोर्डावर उतरले की हजारो रुपयांचा माल जातो. म्हणून तर बोर्डावर व्हॅसलीन थापतात, मळण्याजोगा खोडरबर सॉकेटभोवती दाबून बसवतात आणि भांड्याला फोमचा वेढा देतात. पावसाळ्यात मुंबईचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असताना उघड्यावर तासभर हे सगळे टिकवणे कठीणच आहे. उलट बाजूने पाहिले, तर आवारात वाऱ्याची एक झुळूक कोणत्याही एक्झॉस्ट पंख्यापेक्षा मोठे काम करते. थोडक्यात, बोर्डाला जी हवा मानवते ती माणसांना मानवत नाही. महाविद्यालयीन महोत्सवांचा हंगाम बहुधा डिसेंबर-जानेवारीत येतो, तेव्हा मुंबईची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, आणि आवारातला प्रयोग तेव्हा अगदीच शक्य असतो. तरीही सभागृहच निवडले जाते, याचे कारण मला तांत्रिक वाटत नाही. रंगमंच, दिवे आणि पुरस्कर्त्यांचे फलक तिथे असतात.

सभागृह घेतले की दुसरा पेच येतो. छतावरचे प्रकाशीय स्मोक डिटेक्टर धुक्याचे कण आणि धुराचे कण यांत फरक करत नाहीत; नाटकातल्या कृत्रिम धुक्यानेही ते वाजतात. म्हणून कार्यक्रमापुरता त्या भागातला डिटेक्टर बंद ठेवण्याची मागणी होते. २९ डिसेंबर २०१७ रोजी लोअर परळच्या कमला मिल आवारात लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला, आणि त्यानंतर या शहरात अशी मागणी हसण्यावारी नेणे कोणालाच शक्य राहिले नाही. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी जागेचा मालक व भोगवटादार यांच्यावर आहे. इथे दोन्ही पक्ष ‘धूर’ या शब्दातच अडकतात. आयोजक म्हणतात, हा धूर नाही, म्हणून डिटेक्टर नको. सभागृहाचे व्यवस्थापक म्हणतात, धूर नाही तर परवानगी कशाला हवी? डिटेक्टर बंद करताना त्या जागी माणूस उभा करणे आणि हवेतला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावणे, या अटी चर्चेत शेवटी येतात आणि बऱ्याचदा येतच नाहीत. वास्तविक त्या खोलीत आगीपेक्षा ऑक्सिजनचीच पहारेदारी अधिक निकडीची असते.

लोकांच्या मनात द्रवरूप नायट्रोजनची भीती बसली, ती मात्र वेगळ्याच वाटेने. २०१३ च्या जूनमध्ये मेक्सिकोतील लेओन शहरात एका मद्याच्या जाहिरातीच्या समारंभात जलतरण तलावात नायट्रोजन ओतला गेला. पाण्यावर धुके पसरले आणि पोहणारे बेशुद्ध पडले. क्लोरीनशी त्याची रासायनिक क्रिया झाली, असे तेव्हा छापून आले. खरे कारण साधे होते, पाण्यालगतचा ऑक्सिजन हटला होता. भारतात २०१७ साली गुरुग्रामच्या एका बारमध्ये नायट्रोजन पूर्ण उडून जाण्याआधीच पेय प्यायलेल्या माणसाच्या जठराला भोक पडले आणि त्याच वर्षी हरियाणाने खाद्यपेयांतील वापरावर बंदी घातली. २०२४ च्या एप्रिलमध्ये दावणगेरे इथे ‘स्मोक बिस्किट’ खाऊन कळवळणाऱ्या मुलाची चित्रफीत देशभर फिरली. यानंतर नियम आणि इशारे आले, ते पोटात जाणाऱ्या नायट्रोजनबद्दल. ओव्हरक्लॉकिंगमध्ये कोणी तो पीत नाही, म्हणून हा विषय त्या चर्चेच्या बाहेर राहिला.

हातमोज्यांचा वाद मी त्यामानाने गौण मानतो, जरी स्पर्धकांत तोच अधिक रंगतो. अनेक सराईत मंडळी उघड्या हातांनी ओततात. त्वचेवर थेंब पडला तर त्याखाली वायूचा थर तयार होऊन तो घरंगळून जातो, तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसा, हा त्यांचा आधार, आणि क्षणभरापुरता तो बरोबरही आहे. पण थेंब बोटांच्या बेचक्यात किंवा घड्याळाच्या पट्ट्याखाली अडकला की हा आधार संपतो. सुती मोजे सर्वात वाईट, कारण ते द्रव शोषून त्वचेला चिकटवून धरतात. झटकन काढता येतील असे सैल, खास शीतकामाचे मोजे, तोंडावर पारदर्शक ढाल आणि बुटांवरून खाली सोडलेली विजार, ही प्रयोगशाळांतली जुनी रीत मंचावरही चालू शकते. फक्त छायाचित्रात ती तितकीशी रुबाबदार दिसत नाही.

कायद्याचा आधार शोधायला गेले तर हाती थोडेच लागते. गॅस सिलिंडर नियम, २०१६ ची व्याख्या बंद धातूच्या भांड्यापासून सुरू होते, आणि दाबपात्रांचे नियम १००० लिटरपुढच्या बंद पात्रांसाठी आहेत. मंचावरचा ड्यूअर, म्हणजे नायट्रोजन साठवायचे ते दुहेरी भिंतींचे भांडे, उघड्या तोंडाचा असतो, त्याचे झाकण सैल असते आणि ते तसेच असायला हवे. टेक्सासमधील एका विद्यापीठात २००६ साली नायट्रोजनच्या टाकीची दाबमुक्तीची तोंडे कोणीतरी पूर्वीच बुजवल्याचे निघाले, ते ती टाकी फुटून छतातून वर गेल्यावर. घरगुती थर्मासचे फिरकीचे झाकण घट्ट लावणे म्हणजे तीच चूक लहान आकारात करणे होय. खालच्या वाहनतळापासून वरच्या मजल्यावरच्या सभागृहापर्यंतची वाट तर कोणत्याच अर्जात नसते. २५ लिटरचा ड्यूअर लिफ्टमध्ये कलंडला, तर लिफ्टच्या पोकळीच्या तिपटीहून अधिक वायू तयार होतो. ड्यूअर एकटा वर पाठवायचा, वरच्या मजल्यावर दुसऱ्याने तो उतरवून घ्यायचा आणि मधल्या मजल्यावर कोणी आत शिरणार नाही याची सोय करायची, ही रीत प्रयोगशाळांत पाळली जाते; मॉलच्या लिफ्टमध्ये मात्र ड्यूअरसोबत मांडववाल्यांची दोन पोरे आणि खुर्च्यांची चळत असते.

कार्यक्रमाच्या शेवटी उरलेल्या नायट्रोजनचे काय करायचे, हा प्रश्न अजून कुठेच लिहून ठरलेला दिसत नाही. तो गच्चीवर किंवा मोकळ्या आवारात, माणसांपासून दूर, सैल झाकणाच्या भांड्यात आपोआप उडून जाऊ देणे हे सर्वात साधे. प्रत्यक्षात प्रथा पडली आहे ती शेवटच्या टाळ्यांसाठी तो मंचावरून जमिनीवर सपकन ओतून देण्याची. चार लिटरचा पावणेतीन घनमीटरच्या वर वायू होतो, आणि लोट पहिल्या रांगेपर्यंत गेले की सतरंजीवरची मुले ते ओंजळीत धरायला खाली वाकतात.