मेमोरियल डे

मेमोरियल डे : लष्करी सेवेत मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पाळला जाणारा राष्ट्रीय सुटीचा दिवस. सर्व माजी सैनिकांचा गौरव करणारा ‘व्हेटरन्स डे’ ११ नोव्हेंबरला असतो. मेमोरियल डे केवळ मृतांचा आहे.

या प्रथेचे मूळ गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांत झालेल्या अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) आहे. त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मरण पावले आणि त्यांच्या थडग्यांवर फुले वाहण्याची रीत उत्तरेत व दक्षिणेत, दोन्हीकडे सुरू झाली. म्हणूनच या दिवसाला पूर्वी ‘डेकोरेशन डे’ म्हणत. १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वॉटर्लू या गावाला त्याचे जन्मस्थान म्हणून अधिकृत मान्यता मिळाली, परंतु त्याहून जुना असलेला, दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन शहराचा प्रसंग अधिक अर्थपूर्ण आहे. तेथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दक्षिणेच्या सैन्याने युद्धकैद्यांची छावणी केली होती आणि तेथे मरण पावलेल्या उत्तरेच्या किमान २५७ सैनिकांना एकत्रच पुरले होते. गुलामीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी त्यांना बाहेर काढून प्रत्येकाला रीतसर मूठमाती दिली, भोवती कुंपण घातले, कमानीवर ‘शर्यतीच्या मैदानावरील हुतात्मे’ असे लिहिले आणि १ मे १८६५ रोजी सुमारे १०,००० लोकांची मिरवणूक काढली. तिच्या अग्रभागी हातांत गुलाब घेतलेली शाळकरी मुले होती. हे सैनिक का मेले, हे त्या मिरवणुकीतल्या कोणालाही सांगावे लागले नसावे. पुढे या प्रसंगाचा मात्र अनेक दशके विसर पडला.

उत्तरेच्या माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांच्या १८६८ मधील आदेशाने ३० मे ही तारीख रूढ झाली. १८७१ मध्ये याच दिवशी अर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत बोलताना, स्वतः गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी बजावले की, देशभक्तीच्या नावाखाली गुलामगिरीसाठी लढणारे आणि स्वातंत्र्यासाठी लढणारे यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. मृतांचे स्मरण करायचे, तर त्यांच्या मृत्यूच्या कारणाचेही करावे लागते, हा त्यांचा आग्रह या दिवसाच्या अर्थाचा गाभा मानायला हवा. पुढील काळात दोन्ही बाजूंच्या समेटाच्या भाषेत तो झाकोळला. पहिल्या महायुद्धानंतर हा दिवस सर्व युद्धांतील मृतांचा झाला. दक्षिणेतील काही राज्ये यादवी युद्धातील आपल्या सैनिकांसाठी आजही स्वतंत्र स्मृतिदिन पाळतात.

या दिवशी राष्ट्रध्वज दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर व नंतर पूर्ण उंचीवर फडकतो. या दिवसाच्या आधी अर्लिंग्टनमध्ये सैनिक प्रत्येक थडग्यासमोर छोटा ध्वज रोवतात. दगडापासूनचे अंतर सारखे राहावे म्हणून ते बुटाच्या लांबीने मोजतात. दुपारी तीन वाजता देशभर मिनिटभर स्तब्धता पाळावी, असे २००० पासून आवाहन केले जाते.

१९६८ च्या कायद्यानुसार १९७१ पासून ही सुटी सोमवारी आली आणि जोडसुटीमुळे सहली, खरेदी व उन्हाळ्याचा प्रारंभ यांच्याशी जोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात उजवा हात गमावलेले हवाई राज्याचे सिनेटर डॅनियल इनूये यांनी ३० मे ही तारीख पुन्हा आणण्यासाठी २०१२ मधील निधनापर्यंत वारंवार विधेयके मांडली. त्यांपैकी एकही संमत झाले नाही.