संक्रांतीचं वाण : वीस रुपयांच्या भेटीमागचा इतिहास

डिसेंबर सरत आला की बायकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो, ‘यंदा काय लुटणार?’ वाण नुसतं देत नाहीत, वाण लुटतात. हा शब्द मला फार आवडतो. देणारी हात आखडत नाही आणि घेणारीला संकोच वाटत नाही, हे त्या एका क्रियापदात आलं.

मग सुरू होते बाजाराची फेरी. पुण्यात तुळशीबाग आणि बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर, क्रॉफर्ड मार्केट, दादर, नागपुरात इतवारी. हातात यादी, तीत माणसांची नावं नाहीत, फक्त आकडा : पन्नास नग, साठ नग. भाव डझनावर ठरतो. वस्तू रोजच्या वापरातली हवी, सगळ्यांना एकसारखी हवी आणि खिशाला परवडणारी हवी. या तीन अटी कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत, तरी आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे त्या अचूक पोचल्या. त्या आल्या कुठून, हे पाहायचं तर या प्रथेच्या मुळाशी जावं लागतं.

‘वाण’ हा शब्द संस्कृत ‘वायन’ वरून आलेला. व्रताच्या वेळी द्यायचा खाऊ, पक्वान्न असा त्याचा जुना अर्थ. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, त्यात तो अर्थ अजून शाबूत आहे. व्रताच्या उद्यापनाला सवाष्णीला सुपातून देतात तेही वाणच. म्हणजे हे मुळात दान. आहेराहून ते वेगळं, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. आहेराची यादी लिहून ठेवतात, कुणी काय दिलं ते बघून पुढच्या कार्यात परतफेड करतात. वाणाची वही कुणी ठेवत नाही. दारात आलेल्या शेजारणीला, वरच्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडाला, ओळखीच्या बाईबरोबर आलेल्या अनोळखी पाहुणीला, सगळ्यांना तेच. माणूस बघून किंमत ठरत नाही, म्हणून तर ती कमी ठेवावी लागते.

संक्रांतीचं पहिलं वाण म्हणजे सुगड. छोटंसं मातीचं मडकं, त्याला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, गळ्याला दोरा. आत काय काय असतं ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे : हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे, उसाची कांडकी, बोरं, पावट्याच्या शेंगा, गव्हाची ओंबी आणि तीळगूळ. पौषात आपल्या शिवारात जे असतं, नेमकं तेवढंच. खरीपातला तीळ घरात आलेला, उसाचं गुऱ्हाळ चालू असल्याने नवा गूळ ताजा, हरभरा नुकता भरलेला. दुरून आणावं असं त्यात काहीच नाही. मडकं गावातल्या कुंभाराचं, बांगड्या कासाराच्या, हळद ओळखीच्या शेतातली, कुंकू तेवढं पंढरपूरहून आलेलं. कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. सुगडं तो वेळेवर पोचती करी आणि त्याचं बलुतं धान्याच्या रूपाने त्याच्या घरी जाई. ज्याला आज आपण ‘स्थानिक खरेदी’ म्हणतो, तिला तेव्हा नाव असण्याची गरजच नव्हती. गावाचं चाकच त्यावर फिरत होतं. अर्थात त्या चाकात जातीची उतरंडही होती आणि बलुतेदाराच्या वाट्याला मान कमी येई, हे विसरून त्या काळाचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

‘आवा लुटणे’ हा शब्दप्रयोग इथलाच. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. भट्टीतली मडकी विकत घ्यायची आणि सवाष्णींना लुटू द्यायची, अशी ती रीत. पुढे मडक्यांच्या जागी इतर वस्तू आल्या, पण लुटणं तेवढं राहिलं. नव्या सुनेने पहिली पाच वर्षं दर संक्रांतीला वेगळं वाण लुटायचं, हाही अनेक घरांतला रिवाज. कुणाकडे आधी हळदकुंकू, कुणाकडे आधी फणी-आरसा. क्रम घराघरांत निराळा, पण वस्तू साध्याच. नव्या घरात आलेल्या मुलीला आळीतल्या सगळ्या बायकांची ओळख व्हावी, तिच्या हातून प्रत्येकीला काहीतरी मिळावं, ही त्यातली खरी योजना असावी असं मला वाटतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज एका घरी जायचं म्हटलं की ओळखी आपोआप होतात.

पण या ओळखी आपापल्या जातीपुरत्या होत्या. ती चौकट पहिल्यांदा मोडली ती पुण्यातच, आणि तीही संक्रांतीच्या निमित्ताने. जानेवारी १८५२ मध्ये महिला सेवा मंडळाने तिळगूळ समारंभ ठेवला. मंडळाच्या चिटणीस होत्या सावित्रीबाई फुले, अध्यक्ष कलेक्टरची पत्नी मिसेस जोन्स. आमंत्रणातच सांगितलं होतं की येणाऱ्या बाया कुठल्याही जातीच्या असोत, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि भेदभाव न करता हळदीकुंकू दिलं जाईल. मुलींना शिकवायला निघाल्याबद्दल अंगावर शेण-दगड झेलणारी ही बाई. तिने नवा समारंभ काढला नाही, बायकांच्या सवयीचाच घेतला आणि फक्त बैठक बदलली. ‘सगळ्यांना एकसारखं’ हा वाणाचा जो नियम आपण गृहीत धरतो, त्याला खरा अर्थ त्या जाजमावर आला, असं माझं मत आहे.

पुढे १८७१ मध्ये सरस्वतीबाई जोशी यांनी पुण्यात ‘स्त्री विचारवती’ ही सभा काढली आणि तिच्या वतीने वेगवेगळ्या जातींच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. सरस्वतीबाई म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, यांच्या पत्नी. काका त्याच दशकात स्वदेशी मालाचा प्रचार करत होते, देशी वस्तूंची दुकानं निघावीत म्हणून खटपट करत होते, स्वतः हाताने कातलेल्या सुताचे कपडे घालत होते. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते त्याच वेषात गेले. एकाच घरात एकीकडे हळदीकुंकू आणि दुसरीकडे देशी दुकान! आज बचत गटाकडून वाण घेणारी बाई या दोन्ही धाग्यांना हात लावत असते.

१९०५ साली बंगालच्या फाळणीनंतर हे दोन्ही धागे उघडपणे एकत्र आले. बहिष्कार नुसता कापडावर नव्हता. परदेशी साखर आणि परदेशी काचेच्या बांगड्याही त्यात होत्या, आणि या दोन वस्तू थेट संक्रांतीच्या ताटातल्या. हलव्याचा पाक कुठल्या साखरेचा, हातातला चुडा कुठल्या काचेचा, हे स्वयंपाकघरातले प्रश्न एकदम देशाचे प्रश्न झाले. ऑस्ट्रियातून येणाऱ्या बांगड्यांनी तोवर इथला बाजार भरून गेला होता. इथेच काच बनली पाहिजे या आग्रहातून तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये काचेचा कारखाना उभा राहिला, तो पैसा फंडाचा. अंताजी दामोदर काळे यांची ही कल्पना : प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योगाला भांडवल उभं करायचं. टिळकांनी ती उचलून धरली. थेंबाथेंबाने तळं साचवायचा हा हिशोब बायकांना समजावून सांगावा लागला नसणार. वाणाचा हिशोब तरी दुसरा काय असतो?

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर ठेवलेली आहे. माझ्या आजीच्या माळ्यावर पितळेच्या वाट्या होत्या, कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकलेल्या. उन्हात धरल्या की ठोक्यांचे खळगे एकेक करून मोजता येतात. आईच्या पिढीने स्टीलचं वाण लुटलं. कल्हई नको, चिंच लावून घासणं नको, म्हणून बायकांनी स्टील आनंदाने घरात घेतलं आणि त्यांना नावं ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. त्या वाट्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती. भांड्यांच्या दुकानातला माणूस विजेची पेन्सिल चालवी आणि ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटे, खाली साल. आजही आमच्याकडे चहाचं आधण उतरवताना ज्या झाकणीला हात जातो तिच्यावर एका शेजारणीचं नाव आणि १९८३ आहे. त्या शेजारणीचं बिऱ्हाड कधीच हललं, झाकणी राहिली.

मग आलं प्लॅस्टिक. डबे, चाळण्या, टोपल्या, साबणदाण्या, पुढे आरसे नि फुलं चिकटवलेल्या पर्सा. स्वस्ताई इतकी की वस्तूचा उपयोग काय, हे विचारायचं राहून गेलं. माझ्याकडूनही ते झालं. लग्नानंतरच्या दुसऱ्या संक्रांतीला मी घाऊक बाजारातून झाकणाचे चाळीस डबे आणले. घरी येऊन पाहिलं तर निम्म्यांची झाकणं बसेनात. तशीच वाटली, कारण हळदीकुंकू दुसऱ्या दिवशी होतं. ते डबे कुणाच्या घरात टिकले नाहीत, हे मी पुढे ज्या ज्या घरी गेले तिथे पाहिलं. किंमत कमी असणं ही वाणाची रीतच आहे. पण घेणारीच्या हाताला ते रोज लागलं पाहिजे, ही अट मी त्या वर्षी मोडली.

मार्च २०१८ मध्ये राज्याने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी आणली. त्यानंतरच्या संक्रांतीला कापडी पिशव्यांचं वाण घरोघर दिसलं, आणि त्या पिशव्या बहुतेक ठिकाणी जवळपासच्याच कुठल्यातरी बाईने शिवलेल्या होत्या. याची तयारी आधीपासून होत होती. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे. पुढच्या काळात गावोगाव बचत गट उभे राहिले आणि त्यांचा माल शहरात विकायला जागा मिळाली : मुंबईत महालक्ष्मी सरस, पुण्यात डिसेंबरातली भीमथडी जत्रा. तिथे मसाल्याची पाव किलोची पुडी, गोधडीच्या तुकड्यांचा बटवा, सेंद्रिय गुळाची ढेप, नाचणीच्या लाडवांची पाकिटं मिळतात, आणि पन्नास नग हवेत म्हटलं की समोरची बाई तिथेच वहीत लिहून घेते.

या सगळ्यात हलव्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्याला अजून पर्याय निघालेला नाही. हलवा करताना मी एकदा शेजारी बसून पाहिलं आहे. मंद शेगडीवर परात, तिच्यात मूठभर तीळ. बाजूला साखरेचा पातळ पाक. त्यातला चमचाभर पाक तिळांवर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ हलवत राहायचं, सुकेपर्यंत. मग पुन्हा चमचाभर. जास्त पडला तर गोळा होतो, आच वाढली तर काटा मोडतो, हात थांबला तर दाणे चिकटतात. तासन् तास हे चालतं, तेव्हा कुठे दाण्यावर पांढरेशुभ्र काटे उभे राहू लागतात. थंडी कमी असेल तर काटा नीट येत नाही, म्हणून पहाटेच बसायचं. संध्याकाळी त्या बाईंची बोटं मी पाहिली, टोकं लालबुंद आणि गुळगुळीत झालेली. नव्या सुनेचे आणि बोरन्हाणातल्या बाळाचे हलव्याचे दागिने अशाच दाण्यांचे ओवतात. पुण्या-मुंबईतून ते परदेशातल्या मराठी घरांतही जातात. त्यांची किंमत करताना कुणी घासाघीस केली की मला ती बोटं आठवतात.

एक बदल मात्र उशिरा येतो आहे. ज्या समारंभात जात मोडायला १८५२ साली सुरुवात झाली, तिथे विधवा बाईला जागा मिळायला अजून झगडावं लागतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तोच कित्ता इतर गावांपुढे ठेवला. तेव्हापासून सगळ्या बायकांना बोलावणारी हळदीकुंकवं वाढताना दिसतात. वाणाची वस्तू निवडतानाही त्याचा विचार होतो. कुंकवाची कोयरी किंवा जोडवी न घेता रोप, बियाण्याची पुडी, पणती, पुस्तक. ज्या वस्तूला कुणीही बाई हात लावू शकते, तीच खरी लुटण्याजोगी.

गेल्या संक्रांतीला मी पुन्हा मातीकडे गेले. सुगडं नव्हे, दह्याची छोटी बोळकी, झाकणासकट. मातीत दही घट्ट लागतं, पाणी मातीच पिते. आमच्या भागात चाक चालवणारं एक घर उरलं आहे. तिथल्या मावशींना डिसेंबरच्या शेवटी साठ नग सांगितले तर त्यांनी पंचेचाळीसच दिले. प्रत्येक बोळकं बोटाने वाजवून पाहिलं, बद्द आवाज आला ते बाजूला ठेवलं. उरलेल्यांचे पैसे परत करत म्हणाल्या, ‘पुढच्या साली तुळशीचं लगीन झालं की सांगायला या ताई. पौषात ऊन कमी, माल वाळत न्हाई. ओला भट्टीत घातला तर तडकतो.’